सरूचा दुसरा शेंडा

कोरेगाव, १४ ऑक्टोबर १९४५

प्रिय सयाजी,

उभं राहिलं रे, उभं राहिलं! आपलं सरूचं झाड आज सकाळी काठीच्या आधाराशिवाय ताठ उभं राहिलं, आणि तुझी ही मास्तरीणबाई अक्का शाळेची वेळ टळली तरी अंगणात टाळ्या पिटत होती. आई म्हणाली, मनुला येड लागलंय. लागू दे! तू पुण्याच्या इस्पितळातून कळवलंस की तिथंच कुठंतरी कामाला राहीन, गावी येणार नाही. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव.

पलटणीत जाण्याआधी पाचगणीच्या शाळेतल्या रसूलचाचा माळ्यांकडून तू ते वीतभर रोप आणलंस, दारात लावलंस आणि मला बजावलंस, अक्का, मी परत येईपर्यंत हे वळचणीच्या वर गेलं पाहिजे. सगळी आळी हसली. ना फळ, ना फूल, नुसतं हिरवं टोकदार शोभेचं झाड! लालासाहेबमामा म्हणाले, उसावानी सरी काढ आन् दे सोडून पाणी. आणि मी शहाणी, सोडलंही! खालचा पाला पिवळा पडला तेव्हा भानावर आले. मग पाणी साठू नये म्हणून सरी बुजवली, आठवड्यातून एकदाच सावकाश पाणी घातलं. जगलं बिचारं.

आता माझी कबुली ऐक. इटलीतून तू दर पत्रात विचारायचास, सरू केवढं झालं? मी लिहायची, झकास आहे, छातीला लागलं. धादांत खोटं! तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी, रोज तुळशीच्या मंजिऱ्या खुडते त्याच सवयीनं मी सरूचाही शेंडा खुडून टाकला. वाटलं, तुळशीसारखं डेरेदार होईल. कसलं काय! वर जायचंच थांबलं आणि मडक्यासारखं आडवं फुगत बसलं. मी खूप रडले रे, पण तुला लिहायचा धीर झाला नाही. तू तिकडे तोफांसमोर, आणि माझ्याच्यानं तुझं एक झाड सांभाळवलं नाही.

शेवटी एकदा बाजाराच्या दिवशी रसूलचाचा आले. झाड बघून त्यांनी कपाळावर हात मारला, मला चांगलं फैलावर घेतलं आणि मग बांबूची कामठी मागितली. वरची सगळ्यात जोमदार आडवी फांदी त्यांनी हलकेच उभी केली, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी कामठीला बांधली आणि तिच्या बरोबरीच्या फांद्यांची टोकं छाटली. म्हणाले, बेटी, मधूनमधून गाठी सैल करत जा, घाई नको, हाच आता शेंडा. दीड वर्ष मी तेवढंच केलं. आज वरच्या दोन गाठी सोडल्या. वारा लय होता. झाड हललं, पण शेंडा काही वाकला नाही! वळचण आता हातभरच राहिली आहे.

आता तुझी कबुली मीच देते. मार्चपासून तुझी पत्रं दुसऱ्याच्या अक्षरात येतात. इस्पितळात असूनही तू म्हणतोस, सवड नसते, मित्र लिहून देतो. पण गेल्या पत्राखालची सही तुझी होती, पाटीवर पहिल्यांदा गिरवणाऱ्या पोरासारखी वाकडीतिकडी. अरे, तुझं अक्षर मी घोटून घेतलंय, मला फसवतोस? तुझ्या पलटणीतल्या, रजेवर आलेल्या जोतीरामला मी गाठलं. तुझा उजवा हात गेल्याचं त्यानं खाली मान घालून सांगितलं. आईलाही मी सांगितलंय. ती दिवसभर रडली, मग डोळे पुसून म्हणाली, लेकरू हाय न्हवं? मग बास. त्याला म्हणावं, आई वाट बघती. सरूची खालची एक गाठ मी मुद्दाम ठेवली आहे. सैलच आहे, डाव्या हातानं सुटेल. ये आणि तूच सोड.

तुझीच,
मनुअक्का