अण्णांचा एकच शब्द

गडहिंग्लज, ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजमतीवन्सं यांना,
शालूचा जयजिनेंद्र, वि. वि.

पत्रास कारण की, तुमचे बंधू दवाखान्यातनं घरी आले. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात ढिला पडलाय, पण चालतात. बोलणं मात्र गेलं. सगळे शब्द गेले नि एकच राहिला, 'रांडच्या'. चहा पायजे, रांडच्या. पंखा लावा, रांडच्या. परवा मुनीमहाराज दारात आले, तर हात जोडून, डोळे मिटून, अगदी भक्तीनं तेच म्हणाले! महाराजांनी आशीर्वाद दिला. सूनबाई सोनल आत पळाली, मला कुठं पळायचं कळंना.

तिथले डॉक्टर म्हणाले, आता हे असंच. तुम्ही जन्मभर लोकांना बोलायला शिकवलं, भावाला असंच सोडणार व्हय? फोन नको, तुमचा आवाज ऐकला की रडतात. लिहा.

लोभ हायच, तो पातळ होऊ देऊ नका.
तुमची, शालू

कोल्हापूर, ९ फेब्रुवारी २०२४

सौ. शालूवहिनींस,
राजमतीचा जयजिनेंद्र.

तो शब्द आहे तोवर घाबरू नका. शिव्या, स्तोत्रं, गाणी जिभेवर आपोआप येतात. ठरवून बोलायचा रस्ता वेगळा, तो अण्णाचा बंद पडलाय. आपण आडवाटेनं जाऊ. रोज त्याच्यासमोर बसून णमोकार मंत्र गा, मध्येच थांबा, पुढचं त्याला उचलू द्या. मग त्याच चालीवर 'चहा दे'. देव रागावणार नाही, मी जबाबदार. ओरडू नका, तो बहिरा नाही. तो अडला की मनात वीसपर्यंत मोजा, त्याच्या तोंडचा शब्द कुणी पळवायचा नाही.

आता माझं. १९७८ साली तेलाच्या दुकानावरच्या खोलीत मी 'वाचा केंद्र' अशी पाटी लावली. गावात हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. महिनाभर लोक पेपर वाचायला येत. अण्णानं तेच उचललं. मला बघायला आलेल्यांना सांगितलं, बहीण वाचनालय चालवते. तोतऱ्या-मुक्यांत बसते म्हणायची त्याला लाज. मंडळी खोलीवर आली, बघितलं आणि नकार कळवला. मी सुटले, पण वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. पुढं शेकडो माणसं बोलती झाली, तरी चारचौघांत माझ्या कामाचं नाव अण्णाच्या तोंडून कधी निघालं नाही. तेव्हा तर त्याला वाचा होती!

हे त्याला वाचून दाखवा. चिडला तर बरंच, चिडलेला माणूस शब्द शोधतो.

तुमची चिवट नणंद,
राजमती

गडहिंग्लज, १८ मे २०२४

प्रिय वन्सं,
शालूचा जयजिनेंद्र.

तुमचं पत्र ऐकून दोन दिवस नीट जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी खुणेनं परत वाचायला लावलं. दोन महिने चहा मंत्राच्या चालीवर मागितला, आता बिनचालीचा मागतात. मला 'साळू' म्हणतात. चालतंय की.

काल कागलचं पावणं आलं. एकानं सहज विचारलं, बहीण कोल्हापुरात काय करते? सोनल सांगणार, तेवढ्यात मी चिमटा काढला. वीस मोजले, चाळीस मोजले. पावणं पंख्याकडं बघायला लागलं. ह्यांच्या कपाळावर घाम. मग म्हणाले, 'डॉक्टर.' थांबले. 'बोलायची. मोठी.' पुढं हुंदकाच आला. मी आत जाऊन रडून घेतलं.

सोनल म्हणते, तुम्ही काय डॉक्टर न्हाई, चुकीचा शब्द डोक्यात बसंल. दुरुस्त करू का?

तुमची, साळू

कोल्हापूर, २२ मे २०२४

सौ. वहिनींस,
जयजिनेंद्र.

बाहेर दोन पेशंट बसले होते, तरी दार लावून पत्र पुन्हा वाचलं. मी डॉक्टर नाही, हे खरं. अण्णाला अजिबात सांगू नका.

रविवारी दुपारच्या एसटीनं येते. त्याला स्टँडवर घेऊन या. पिशवी उचलायला नव्हे. तिथं ओळखीचं जे कुणी भेटेल, त्याला माझी ओळख त्यानंच करून द्यायची. कितीही वेळ लागू दे, मला घाई नाही.

माझा लोभ सध्या उतू चाललाय, तुमचाही असू द्या.
राजमती