नुसतं येऊ दे

४ जानेवारी
रफीक नाही. सकाळी फोनवर "भाभी, अब्बी आतूं" म्हणाला आणि दुपार टळली तरी पत्ता नाही. या मेकॅनिकचं अब्बी कुठल्या घड्याळात वाजतं देव जाणे. शेवटी मीच कार्बोरेटर घेऊन अंगणात बसले. पेट्रोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासला. हात नुसते काळे.

हे शेजारी खुर्चीत, ऊन खात. जीप खोलली यांनीच, पावसाळ्याआधी, मोठ्या हौसेने. मिलिटरीच्या लिलावातली, आमच्या लग्नाहून जुनी. सुटे भाग श्रीखंडाच्या डब्यांत भरले आणि कुठलं कुठं बसतं ते सगळं डोक्यात ठेवलं. मग झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. राहिलं एवढंच, "येऊ दे."

स्प्रिंग दाखवली. "अहो, ही यातलीच ना?"
"येऊ दे."
स्क्रू दाखवला. "आणि हा?"
"येऊ दे."
शेंगेचं टरफल दाखवलं. त्यालाही येऊ दे. हसायला आलं मला. मग आत जाऊन तोंड धुतलं.

१३ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेची एवढी गर्दी, तरी स्पीच थेरपीची मुलगी वेळेवर आली. गोड पोरगी आहे. म्हणाली, "काकू, काका अर्थ लावून बोलत नाहीयेत. आयुष्यभर जे म्हटलं तेवढं तोंडात राहिलंय."

म्हटलंच की आयुष्यभर. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला सगळी नोकरी ट्रकच्या मागे उभं राहून काढली यांनी. येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास! घरीसुद्धा तेच. मला जीप चालवायला शिकवली कुंभारीच्या माळावर, पण रिव्हर्स काही जमलं नाही. मी आरशात बघायचीच नाही. हे मागे उभे राहायचे, बास म्हटलं की ब्रेक दाबायचा.

मी विचारलं, मग ते बास कुठं गेलं? ते तर त्याच्याच मागून यायचं. शेजाऱ्यांनी त्यांची कार मागे घेऊन पाहिली तर हे ढिम्म. आपली जीप मागे येताना दिसली तर?

ती बॅगेची चेन लावत म्हणाली, "प्रयत्न करायला हरकत नाही."

नाही म्हणायची या लोकांची पद्धत आहे ही. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१९ जानेवारी
वाईट दिवस. दुपारी भाकरी आमटीत कुस्करून भरवत होते. "अजून देऊ?" "येऊ दे." दिली. "अजून?" "येऊ दे." तोंड मिटत होते, मान फिरवत होते, आणि शब्द तोच. मला वाटलं नखरे. आणखी दोन घास कोंबले. सगळं उलटून पडलं, माझ्या अंगावर, त्यांच्या अंगावर. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. इतका राग आला स्वतःचा.

पोट भरलं, दुखतंय, पाणी कढत आहे, पंखा बंद कर, सगळ्याला येऊ दे. या माणसाला काही थांबवताच येत नाही. म्हणून मला बास हवंय. गप्पा नकोत, नाव घ्यायला नको. तेवढं एक बास.

२५ जानेवारी
शिवूचा फोन, पुण्याहून. जीप अजून उघडीच आहे कळल्यावर चिडला.
"आई, भंगारात दे. नाहीतर इथं एक जण आहे जुन्या गाड्यांचा शौकीन, आहे तशी घेऊन जाईल. तुम्ही दोघं इकडं या."
म्हटलं, आधी चालू तर होऊ दे.
"चालू होऊन काय होणार आहे? अण्णा आता बोलणार नाहीत. मान्य कर की कधीतरी."
फोन ठेवला. पोटचा पोरगा आहे, वाईट बोलत नाही तो. खरं बोलतो, म्हणून जास्त लागतं.

८ फेब्रु.
रफीक आला! गिअर बॉक्स बसवला. बसवून झाल्यावर एक बोल्ट हातात उरला. हे कसं काय बुवा? रफीक यांच्यासमोर उकिडवा बसला.
"अण्णा, ये किधर का है?"
"येऊ दे."
फस्सकन हसला, मग माझ्याकडे बघून जीभ चावली. बोल्ट खिशात टाकला. "भाभी, एक बोल्ट से कुछ नै होता."
होत नसेल. मी तरी कुणाला विचारू?

२२ फेब्रु.
ब्रेकचं सामान इथं मिळेना, बाहेरून मागवलं, बसवलं, तरी मागच्या चाकातून ऑइल गळतंच आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा घासायला घेतला तर पॉलिशपेपर आरपार. नुसता गंज, वर रंग होता म्हणून पत्रा दिसत होता. एवढी वर्षं शाळेत पोरींना शिवण शिकवलं, पण असलं विरलेलं कापड हातात आलं नव्हतं. एका बाजूने सांधावं तर दुसरीकडे उसवतंय.
यांचा बी.पी. वाढलेला. रात्री झोप नाही, दोघांनाही.

३ मार्च
रफीक नाही. ऊन मी म्हणतंय. आज हात लावला नाही.

१५ मार्च
लागली! चौथ्यांदा का पाचव्यांदा, चोक ओढून, एकदम धडधडली. धूर एवढा की शेजारच्या वहिनींनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. रफीक "या अल्ला" करून नाचला. मी धावत यांच्यासमोर गेले. चेहऱ्याकडे टक लावून बघत बसले.

हे चपलेकडे बघत होते.

इंजिन बंद केलं. चहा आणला. चहाला म्हणाले, "येऊ दे." मेलं ते येऊ दे.

२२ मार्च
आज झालं. लिहायलाच हवं, उद्या नीट आठवणार नाही, किंवा मी गोड करून आठवेन.

यांची खुर्ची पायरीवर ठेवली, भिंतीपासून लांब, गाडी लागणार नाही अशी. खुर्चीमागे रफीक. मी गाडीत. फाटकाकडे तोंड, मागे कंपाउंडची भिंत. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, हलली.

"येऊ दे!"

हा आवाज वेगळा होता. रोजचा तोंडातल्या तोंडातला नव्हे, गोडाऊनमधला, पोटातून आलेला. "येऊ दे! येऊ दे!" वळून पाहिलं तर डावा हात वर करून हलवत होते. किती दिवसांनी तो हात असा वर गेला. मी पुढे तोंड केलं. आरशात बघायचं नाही, ठरवलं. बास आल्याशिवाय ब्रेक दाबायचा नाही. येणारच आता, एवढं सगळं आलंय तर.

"येऊ दे!"

रफीक ओरडला, "भाभी, रुको! दीवार, दीवार!" मला ऐकू आलं होतं, खोटं कशाला लिहू. पण मला त्याचं नको होतं.

धाडकन भिंतीत. विटांचे वरचे दोन थर कोसळले, मागची स्टेपनी आत घुसली, गाडीचा मागचा हौदा दबला. धुरळा. आणि त्या धुरळ्यातून हे, अजून हात हलवत, हसत, खूश होऊन: "येऊ दे. येऊ दे."

मी उतरले आणि ओरडले त्यांच्यावर. बास म्हणा, म्हणा बास, एकदा म्हणा, काय वाकडं केलंय मी तुमचं? रफीक मला धरून आत घेऊन गेला. शेजारी फाटकापाशी जमलेले. लाज वाटली नाही. आत्ता वाटतेय.

२४ मार्च
रफीक फोन उचलत नाही. त्याचं बरोबर आहे. विटा मीच गोळा केल्या. शिवूला सांगितलं, तुझ्या त्या माणसाला पाठव. शिवू फक्त "बरं" म्हणाला. जिंकला तरी आवाज पडलेला होता त्याचा.

२९ मार्च
दबलेला पत्रा जरा सरळ करून द्यावा म्हणून हातोडी घेऊन बसले. जाणारीच आहे, तरी अशी चेपलेली कशी द्यायची? हे शेजारी. दोन-तीन ठोके टाकले असतील, तेवढ्यात यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट.

"साकु."

स्वच्छ. एकच शब्द. मी हातोडी खाली ठेवली. कानडी. सासूबाई गेल्यापासून या घरात कानडी कुणी बोललेलं नाही. मी इतके दिवस बास, बास करत बसले आणि हे त्यांच्या आईच्या भाषेत होतं. साकु म्हणजे पुरे.

मी पण कानडीतच विचारलं, एन साकु री? काय पुरे?
हातोडी उचलून दाखवली.
"हातोडी साकु?"
"येऊ दे."
"जीप साकु? देऊन टाकू?"
"येऊ दे."
"व्यायाम, गोळ्या साकु?"
"येऊ दे." पण मनगट सोडलं नाही. आणि डोळे असे की मला बघवेना.

गोळ्यांच्याही पलीकडचं आणखी एक होतं विचारायचं. ओठांवर आलं होतं. तेवढं नाही विचारलं मी. उन्हातून आत आणलं त्यांना, पंखा लावला, पाणी पाजलं. एक घोट झाल्यावर पेला मीच आपणहून काढून घेतला.

पुण्याचा माणूस परवा येतो म्हणतोय. शिवूला अजून काही कळवलेलं नाही, ना साकुचं, ना त्या माणसाला येऊ द्यायचं की नको ते.