भिंतीकडच्या ओळीतली पणजी

पणजी, तुला लिहायचं पावसाळ्यापासून टाळतोय. शेवगावला टेम्पोवर होतो, ते सोडलं, मग कांद्याच्या गाडीबरोबर फिरलो, वाटेत हिवरे बाजारला उतरून उगाच बंधारे बघत बसलो. तेवढ्याला वेळ होता. खरं म्हणजे सांगायचीच लाज वाटत होती. इतकी वर्षं आम्ही भलत्याच माणसाच्या कबरीला चुना देत होतो.

नोव्हेंबरात मृतांच्या सणाआधी श्रीरामपुरातली आपली ख्रिस्ती माणसं बादल्या घेऊन कबरस्तानात जातात, तशी आई मला न्यायची. चिंचेखाली एक बिननावाचा दगडी क्रूस. तुला माती दिली तेव्हा आजोबा बाहेरगावी होते. आल्यावर कुणीतरी चिंचेकडे बोट दाखवलं आणि तीच त्यांची आई झाली. आता आजोबा नाहीत, आई नाही, चुना द्यायला मी एकटाच. म्हटलं, निदान तुझ्या नावाची पाटी बसवू. म्हणून चर्चमधली जुनी रजिस्टरं बघायला गेलो.

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तू चांगली मोठी बाई आहेस, सोबत तान्हे आजोबा. आधीच्या नावाचा रकाना कोरा. त्यानंतर भेटतेस ती थेट मयतांमध्ये. मधलं सगळं आयुष्य ‘विधवा, वसतिगृहात स्वयंपाकीण’ एवढ्यात उरकलंय. आजोबा सांगायचे, लहानपणी प्रार्थनेआधी भाकरीला हात लावला म्हणून तू त्यांना उलथनं फेकून मारलंस आणि नंतर पदराआडून गुळाचा खडा दिलास. तो गूळ काही रजिस्टरात नाही. पुढे लिहिलंय, पुरलं पश्चिमेच्या भिंतीकडच्या ओळीत. चिंच तर पार पूर्वेला.

चुलत्याला फोन केला. म्हणाला, “आरं, चुना तो चुना. पोचला आसंल तिला. तू आदी कामाला लाग.”

सण तर उलटून गेला, आणि मी आज सकाळपासून भिंतीकडची घाणेरी उपटतोय. ओळीत तू नेमकी कुठे, ते कुणी लिहिलेलं नाही. नुसते दगड आहेत. मग सगळ्याच दगडांना चुना दिला. कुणी ना कुणी तू असशीलच. चिंचेखाली मात्र यंदा गेलो नाही, जरा रागानेच. आता भिंतीला टेकून हे लिहितोय, आणि कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही.

पण थांब. फाटकातून एक म्हातारी आत आली. काठी टेकत नीट चिंचेखाली गेली, क्रूसावरून हात फिरवला, मग मला हाक मारली.

“दादा, ही कबर दरसाली पांढरी आसायची. औंदा कुनी आलं न्हाई का?”

“तुमचं कोण, आजी?”

“बाप माजा. मी लांब दिलेली. सन झाल्यावर कवातरी येनं व्हायचं, तर आयतं रंगवलेलं आसायचं. मला बरं वाटायचं. म्हनलं, बापाचं हितं कुनीतरी हाय.”

ती अजून तिथेच बसलीये. पणजी, ते कुणीतरी मीच. बादलीच्या तळाशी थोडा चुना आहे, त्यात पाणी घालतोय.