आईच्या खिडकीसमोरची भिंत

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल असं धरून चालते. आपण बोललो त्याला दोन वर्षं झाली. तू आईला फोन करतोस आणि मी बाजूला आहे कळलं की ठेवतोस, म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे. भिंतींवर रेघोट्या मारायची म्हणून तू माझं नाव खडू ठेवलंस, तेव्हापासून ते सुधारलेलं नाही.

आधी चौकातल्या माझ्या इमारतीचं सांगते, कारण बाकीचं सांगायला जरा वेळ लागणार आहे. ती पूर्ण झाली. छज्जे शेजारच्या जुन्या इमारतींच्या रेषेत, दगड त्यांच्याच रंगाचा, खिडक्या तशाच उभट. जळालेल्या वखारीची जागा आपण जन्मापासून रिकामी बघितली, ती भरली. उद्घाटनाला नगराध्यक्ष म्हणाले, "ही इथे पूर्वीपासून असल्यासारखी वाटते." मी दोन दिवस नाक वर करून फिरले. तू असतास तर कान उपटला असतास.

आईचे गुडघे तसेच. जिना उतरणं आता बंदच. बाकी तब्येत बरी, पण एका महिन्यात तिने तीन पातेली करपवली. मला धास्तीच बसली, विसरायला लागली की काय! डॉक्टरांना घरी बोलावलं, तर तिनेच त्यांना त्यांच्या लग्नाची तारीख सांगितली.

तिची खुर्ची अजून खिडकीशीच आहे. समोर माझ्या इमारतीची पाठ. दर्शनी बाजूसाठी मी रात्रीचा दिवस केला, पाठीला नुसते पाइप. आई म्हणते, "तिसऱ्या मजल्यावरचा माणूस फार वेळ आंघोळ करतो गं." तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून. घरी येईल त्याला ती भिंत दाखवते, "माझ्या मुलीने बांधली."

तू म्हणाला होतास, मध्ये उंच कमान ठेव, आईला चौक दिसत राहील. मी फणकारले होते, "चौकाचा पडलेला दात बसवतेय मी, त्यात पुन्हा भोक ठेवू? चौक काय आईच्या एका खिडकीसाठी आहे?" तू फोन ठेवलास आणि घरी येणंच सोडलंस.

परवा रविवारी मी तिच्याकडे लवकर गेले. चौकात बस थांबल्याचा आवाज आला, तशी ती भिंत धरत उठली, चहाचं आधण ठेवलं आणि परत खुर्चीत येऊन दाराकडे बघत बसली. पाणी आटलं. मी गॅस बंद केला तर म्हणाली, "थोडं पाणी घाल त्यात, पुढच्या बसला लागेल."

तेव्हा कुठे कळलं, दादा. मला वाटायचं, तिला चौकातली गर्दी बघायला आवडते. ती तुला बघत होती. तू बसमधून उतरलेला दिसलास की आधण, आणि तू जिना चढून येईपर्यंत चहा गाळून तयार. आता काही दिसत नाही, म्हणून दर बसला आधण. तू फोनवर म्हणतोस, "जमलं तर रविवारी येतो." त्यातलं "जमलं तर" तिला ऐकूच येत नाही.

मी विचारलं, "नकाशा दाखवला तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू किती खुशीत होतीस. आणि बस ऐकू येतेच की."

मला फार वाईट वाटतंय. कमान ठेवता आली असती. कागदावर काढून बघितली होती मी, छान दिसत होती. तू सुचवलीस म्हणून खोडली. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता ती भिंत फोडता येत नाही, वरचे मजले तिच्यावरच उभे आहेत. माझ्यावरचा राग असू दे, मी तो कमावलाय. पण तो भोगतेय आई.

या रविवारी ये. माझी इमारत बघत चौकात थांबू नकोस, उतरलास की सरळ घरी ये. आधण ठेवलेलं असेल.

तुझीच,
भिंती खराब करणारी
खडू