कारण : खाजगी

७ जानेवारी १९६४, मंगळवार
इंदिराबाईंचा राजीनामा आज मंजूर. नगरपालिका कमेटीच्या प्रसूतिगृहात आठ वर्षं नर्स होत्या. कारण – खाजगी. मजकूर मीच लिहिला, त्यांनी नुसती सही केली. सोबतचा करारही माझ्याच हातचा : तीन महिन्यांचा पगार, चांगलं सर्टिफिकेट, आणि दोन्ही बाजूंनी कुठे वाच्यता नाही. अध्यक्षसाहेब म्हणाले, "हेडक्लार्क, हे चार मान्सांतच राह्यलं पाह्यजे."
चौथा मी.
जाताना बाई म्हणाल्या, "भाऊ, अक्षर छान आहे तुमचं." एवढंच.

८ जाने.
इथे तरी लिहून ठेवतो. दिवाळीनंतर प्रसूतिगृहात एक बाळंतीण दगावली. डॉक्टर त्या दिवशी गावातच नव्हते, लग्नाला गेले होते. दोन दिवसांनी हजेरीबुकात त्या तारखेसमोर त्यांची सही उमटली. इं. बाईंनी साक्षीची सही करायला नकार दिला. डॉक्टर हे अध्यक्षसाहेबांचे (अ.सा.) मेहुणे. झालं.

१४ जाने., संक्रांत
पत्नी सरस्वती गेल्यापासून घरी तिळगूळ होत नाही. विमल, धाकटी बहीण, घेऊन आली. बसल्या बसल्या म्हणे, "दादा, ते नर्स काऊन गेली हो? बाया म्हणून राह्यल्या, तिचं कोनासंग तरी होतं."
"मले काय माहीत."
"तुमी हेडक्लार्क, अन् तुमाले माहीत नाही?"
चहा न घेताच गेली. विमलशी खोटं बोललो. आजवर कधी

२१ जाने.
दाढी करायला गेलो. तिथेही तोच विषय. एक जण म्हणाला, पोट दिसायच्या आधी पळाली. सगळे हसले. माझ्या तोंडाला साबण लागलेला. उठता आलं असतं. बसून राहिलो.

१ फेब्रु.
दर एक तारखेला इं. बाई औषधांची मागणी घेऊन ऑफिसात यायच्या. खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत, उभ्यानेच चहा. कुणाला मुलगा झाला, कुणाला जुळं, सांगायच्या. त्या अर्ध्या घटकेची मी वाट पाहायचो, हे आज कळलं.
शिपायाने सवयीने दोन कप आणले.

५ फेब्रु.
नवी नर्स नाही. जाहिरात दिली, एकही अर्ज आला नाही. नर्सशिवाय डॉक्टरही फिरकत नाहीत. दुपारी बैलगाडी आली, आत अडलेली बाई. प्रसूतिगृहाला कुलूप पाहून तिचा नवरा ऑफिसात आला.
"साहेब, बाई कुठी हायेत?"
"नोकरी सोडली त्यांनी."
"काऊन?"
"खाजगी कारण."
तो माझ्याकडे बघतच राहिला. "मंग आमी आता कुठी जावं?"
तालुक्याचा दवाखाना सांगितला. गाडी वळली. पुढे काय झालं कळलं नाही. विचारायचं तरी कुणाला.

१२ फेब्रु.
मेंबर वानखडे यांचा लेखी प्रश्न : यंदा कोणी नोकरी सोडली, का, आणि कमेटीला खर्च किती पडला?
अ.सा. म्हणाले, "खर्च लिहा. कारन खाजगी. बाकी काही नाही."
एका ओळीत उत्तर संपलं. ती बैलगाडी त्यात कुठे लिहिणार. सभेत कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. मी मात्र वानखड्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, विचारतील म्हणून.

१७ फेब्रु.
इं. बाईंचं कार्ड. सोनाळ्याला भावाकडे आहेत. तिकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात अर्ज केलाय. "इकडेही कुजबूज पोचली आहे. ते तुमच्याकडे चौकशी करतील. योग्य ते लिहावे."
योग्य म्हणजे कोणतं? उघड्या कार्डावर ह्याहून जास्त त्या लिहिणार तरी काय.

२० फेब्रु.
दवाखान्याचं पत्र आलं. सदर बाईंनी नोकरी का सोडली? वर्तणुकीसंबंधी काही असल्यास गोपनीय कळवावे.
अ.सा.: "खाजगी लिहा अन् धाडून द्या."
खाजगी लिहिलं की कुजबुजीवर कमेटीचा शिक्का बसला. खरं लिहावं तर करार मोडतो. तो त्यांचाही करार आहे, नुसता कमेटीचा नाही. त्यांना विचारायला हवं. पण सोनाळ्याला पत्र पोचून उत्तर येईतो

२१ फेब्रु., शुक्रवार
घरीच उत्तर लिहिलं. बाळंतीण, लग्न, हजेरीबुक, सगळं. खाली माझं नाव. पाकीट घेऊन पोस्टाकडे निघालो आणि विमलच्या दारात थांबलो. ती एकटीच तूर पाखडत होती. सगळं सांगितलं. दीड महिन्यात पहिल्यांदा इतकं बोललो असेन.
तिच्या हातातलं सूप थांबलं.
"दादा, तुमी मले तवाच काऊन नाही सांगितलं? मी त चार घरी बोलून आली हो."
मग ती चहा ठेवायला उठली.
पोस्ट तोवर बंद झालं होतं. पाकीट कोटातच आहे. उद्या शनिवार, पोस्ट अर्धा दिवस उघडं.