नववी ‘अ’ची मध्यवर्ती कल्पना

१ जुलै, सोमवार
यंदा नववी ‘अ’ला विचार करायला शिकवणार. मागच्या वर्षी मध्यवर्ती कल्पना विचारली की पोरं गोष्टीचा सारांश लिहीत. दोष गाइडांचा. यंदा गाइड बंद. कारंजा गावात हा प्रयोग कुणी केलेला नाही.

४ जुलै
पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं. माझीच कथा झेरॉक्स करून वाटली, लेखकाचं नाव काढून. दिवाळी अंकात छापून आलेली आहे. मोठा भाऊ कॉलेज सोडतो, धाकट्याला शिकवतो, धाकटा नागपुरात साहेब होतो, दोघांत अंतर पडतं. मध्यवर्ती कल्पना आंधळ्यालाही दिसेल. त्याग.

५ जुलै
धम्मदीपनं लिहिलं, दोन भाऊ. ईरानं लिहिलं, शिक्षणाचे महत्त्व. (गाइड!) मग पौर्णिमा उठली. म्हणे, सर, धाकटा पुढे गेला ते मोठ्याले पाह्यवत नाई, हेवा आहे हा. शांतपणे पुरावा मागितला. तिनं वाचूनच दाखवलं: धाकटा तीनदा घरी येतो, तिन्ही वेळा मोठा आतून निरोप देतो, घरी नाही म्हणून सांगा. येते तर तो धाकटाच, सर, म्हणाली.
तिथे मी स्वाभिमान दाखवलाय. चौदाव्या वर्षी ते कळत नाही. शून्य दिले.

६ जुलै, रात्री
शरयूला सगळं सांगितलं. बायकोनं नवऱ्याची बाजू घ्यावी, एवढी साधी अपेक्षा. तिनं विचारलं, पोरगी कोणाची? हुशार दिसते. मग भाजी वाढायला लागली.

९ जुलै
वर्गाला सांगून टाकलं की लेखक मी आहे, तेव्हा उत्तर मलाच माहीत असणार. पौर्णिमा म्हणाली, मले मालूम होतं. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘त्याग’ लिहिलं. दहा वेळा लिहून आणायला लावलं. विचार करायला शिस्त लागते.

१३ जुलै
प्रफुल्लचा, म्हणजे धाकट्या भावाचा फोन. उचलला नाही, घटक चाचणीचा पेपर काढत होतो. त्यानं शरयूला केला. नातीचं बारसं २८ला, दोघांनी या म्हणे. सुट्टी बघून सांगतो म्हटलं. २८ला रविवार आहे, हे शरयूनं सांगायची गरज नव्हती.

२२ जुलै
चाचणी. उतारा मुद्दाम अपरिचित दिला: संत्र्याच्या बागेत शिरणारी माकडं. अडतीसपैकी छत्तीस जणांनी मध्यवर्ती कल्पना लिहिली, त्याग. एकमत इतकं की मलाच भरून आलं.
मुख्याध्यापिका कांता मॅडमनी गठ्ठा चाळला. विचारलं, यात त्याग कोणी केला? म्हटलं, माकडांनी जंगल सोडलं, त्या अर्थानं. त्यांनी गठ्ठा स्वतःकडेच ठेवून घेतला.
धम्मदीप गैरहजर. पौर्णिमाचा कागद कोरा.

२३ जुलै
पौर्णिमाला बोलावलं. कोरा काऊन ठेवला, तिच्याच भाषेत विचारलं, आपुलकीनं. म्हणाली, तुमचं लिवाव का माह्यं, समजून नाई राह्यलं. माह्यं लिवलं तर शून्य देता. तुमचं मले खरं वाटत नाई.
उद्धटपणा नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

२६ जुलै
सोमवारपासून नववी ‘अ’ची मराठी प्रेमदास सरांकडे. माझ्याकडे ग्रंथालय. मॅडम म्हणाल्या, तुम्ही लेखक, तुम्हाला शांतता हवी. योग्य तेच झालं. ग्रंथालय म्हणजे स्टाफरूममधली दोन कपाटं.
खिडकीतून पाहिलं, मधल्या सुट्टीत पौर्णिमा प्रेमदासला काहीतरी सांगत होती. तो ऐकत होता. त्याला दुसरं काम नाही.

२८ जुलै, रविवार
शरयू सकाळीच तयार झाली. पिशवीत बाळाचं झबलं, तिनंच शिवलेलं. मी उठून वर्तमानपत्र घेतलं. दारात तिनं विचारलं, भाऊजींना काय सांगू? म्हटलं, नववीचे पेपर तपासायचे आहेत.
नववी तर काढून घेतली ना, म्हणाली, आणि नागपूरची बस गाठायला गेली.