दोनशे वेढे

बाबा,

आज दहावीच्या वर्गात असं काही झालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगायला तर तुम्ही नाही. तारेच्या गुंडाळीत चुंबक आत-बाहेर केलं की तारेत वीज तयार होते, हे मुलींना दाखवायचं होतं. पुस्तकात चित्र आहे, पण चित्रातला वीजमापकाचा काटा हलत नाही. म्हणून प्रयोग मीच बेतला. कागदी नळीवर एक गुंडाळी शंभर वेढ्यांची, दुसरी दोनशेची, आणि तार तुमच्या पेटीत उरलेली. वेढे दुप्पट, तर काटाही जवळजवळ दुप्पट हलायला हवा.

दोनशेचे वेढे एक मुलगी मोजत होती; बाकीच्यांना मी गप्प केलं, तेव्हा माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला. आदिलाबादच्या बाजारातलं आपलं मोटर वाइंडिंगचं दुकान, वार्निशचा वास, आणि तुम्ही तेलुगूत मोजताय, कारण काम तेलुगू उस्तादाकडे शिकलात. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी, आकडा मात्र तेलुगूतच. मी आठ-नऊ वर्षांची, जेवायला हाक मारते. तुमचा हात थांबतो. "मधात काऊन बोलली? गेला ना आकडा!" आणि अख्खी गुंडाळी तुम्ही सोडवायला घेता. मला भयंकर राग यायचा. दोन-चार वेढ्यांनी असं काय बिघडतं?

पुढे तुमचा हात कापू लागला, आकडा निसटू लागला. मी कॉलेजात होते. बोअरची एक मोटर आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी फिरवतो, तू फक्त मोज." निम्म्यात माझं लक्ष फोनकडे गेलं. भानावर आले तेव्हा तोंडाला येईल तो आकडा सांगून "झाले" म्हटलं. तुम्ही विचारलंत, "नक्की ना?" मी म्हटलं, "हो." आठ दिवसांत मोटर जळाली. गिऱ्हाईक भर बाजारात तुम्हाला नको ते बोललं. रात्री तुम्ही आईला म्हणालात, "पोरीनं बरोबर मोजलं व्हतं. माजाच हात चुकून राह्यला आता." मी आतल्या खोलीत ऐकत होते. त्यानंतर तुम्ही दुकान उघडलं नाही, आणि दोन वर्षांत गेलात.

आज दुसऱ्या गुंडाळीचा काटा पहिलीपेक्षा जेमतेम जास्त हलला. मी तारेची टोकं पुन्हा खरवडली, जोड तपासले, काही उपयोग नाही. मग मोजणारी मुलगी उभी राहिली. "मॅडम, एकशे वीसच्या पुढं माजा आकडा चुकला. मी अंदाजानं दोनशे म्हनलं." वर्ग हसला. तिला शाबासकी द्यायला हवी होती. माझ्या तोंडून फक्त "बस" निघालं, आणि मी रागावले असं समजून ती रडू लागली. तिला जवळ घ्यायचंही मला सुचलं नाही. आम्ही गुंडाळी सोडवली, पुन्हा भरली, ह्या वेळी तिने नीट मोजलं. काटा चांगला लांबवर गेला, मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

चौदा वर्षांच्या पोरीला जे जमलं ते मला दोन वर्षं तुमच्यासमोर रोज जेवून जमलं नाही. हे आईला वाचून दाखवायची छाती नाही, वहीतच राहील. तुम्ही विचारलं होतंत, नक्की ना?

नाही, बाबा. मी मोजत नव्हते.